बुबुळाच्या काठावरचा दाणा

भिंगरीचा डावा डोळा चौथ्यांदा लाल झाला, तेव्हा तिच्या आईने हात टेकले.

"ते औषधाच्या दुकानातले थेंब आता बास," ती म्हणाली. "बाबा, उद्या हिला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन जा. मला रजा मिळायची नाही."

बाबा म्हणजे भिंगरीचे आजोबा. घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका छापखान्याच्या मागे, वरच्या मजल्यावर त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. एक लांबोळकी खोली, तिला एकच खिडकी, आणि तीही कागदाच्या गठ्ठ्यांनी अर्धी झाकलेली. चाळीस वर्षं ते तिथे छापील कागदांचे फर्मे दुमडत होते, आरीने भोकं पाडत होते, मेणावरून ओढलेल्या दोऱ्याने शिवत होते आणि खळ लावून पुठ्ठे चढवत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या टेबलावर आणि जावई जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी थेट आजोबांच्या दुकानात. नऊ वर्षांची पोर, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं.

अशी ही पोर आठवडाभर दुकानाच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे, भिंतीकडे तोंड करून बसून होती. उजेड सोसत नव्हता. डोळ्यातून सारखी धार. पापणी उचलून बघू म्हटलं की डोकं गुडघ्यांत खुपसायची.

पहिल्या वेळी सगळे म्हणाले, डोळे आलेत. आठ दिवसांनी गेले. महिन्याने पुन्हा आले. शेजारीण म्हणाली, मोबाइल बघत असेल. घरात दोन मोबाइल; एक लेकीच्या पिशवीत, दुसरा आजोबांचा, त्याच्या काचेला इतके तडे की त्यात वेळसुद्धा दिसायची नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, चष्मा लागला असेल. आजोबांचं मत पक्कं होतं, कागदाची धूळ गेली असेल. त्यांच्या लेखी जगातल्या निम्म्या दुखण्यांचं कारण कागदाची धूळ होती. त्यांचा स्वतःचा खोकलासुद्धा. चार महिने तो मुक्काम ठोकून होता आणि लेक रोज मागे लागत होती, बाबा, एकदा दाखवून या.

"काय दाखवायचंय त्यात?" आजोबा म्हणायचे. "चाळीस वर्षं कागद खाल्लाय मी. तो आता आत फडफडतोय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते नातीला घेऊन निघाले. बसमध्ये भिंगरीने त्यांच्या कोटात तोंड लपवलं, ते इस्पितळाच्या दारापर्यंत बाहेर काढलं नाही. बाकावर त्यांचा नंबर येईपर्यंत दोन तास गेले. समोरच्या भिंतीवर अक्षरांचे तक्ते होते, वर मोठी अक्षरं, खाली मुंग्यांएवढी. आजोबांना सहाव्या ओळीनंतर मुंग्याही दिसत नव्हत्या.

डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या असाव्यात. केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी नाव, वय काही विचारलं नाही. भिंगरी मान वर करायला तयार नाही हे पाहिलं, उठल्या आणि खोलीतला दिवा घालवला.

"मलाही उजेड फारसा आवडत नाही," अंधारात त्या म्हणाल्या. "म्हणून तर ही खोली घेतलीय मी. आता बघ बरं, मी कुठे बसलेय?"

भिंगरीने मान वर केली. तेवढ्यात बाईंनी डोळ्यात एक थेंब सोडला. दुखणं बधिर करणारा असावा, कारण पोरीने आठवड्यात पहिल्यांदा दोन्ही डोळे उघडले. मग तिची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, कपाळ वरच्या पट्ट्याला लावलं, आणि निळसर पांढऱ्या उजेडाची एक बारीक चीर तिच्या डोळ्यावर पडली.

आजोबा मागे उभे होते. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी ओठ घट्ट मिटून, रुमाल दाताखाली धरून दाबून टाकली. नाहीतर बाईंचं लक्ष विचलित व्हायचं, यंत्र हलायचं. छाती जळत होती, पण त्यांनी आवाज म्हणून केला नाही.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. पापण्या उलटवून बघितल्या, पापण्यांच्या केसांची मुळं बघितली, पुन्हा बुबुळाच्या काठाशी आल्या. मग यंत्रामागून डोकं बाजूला काढून त्यांनी विचारलं,

"घरात खोकतं कोण?"

आजोबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खोकतं?"

"हो. बरेच दिवस. एक-दोन महिने तरी झाले असतील."

भिंगरीची हनुवटी अजून पट्टीवरच होती. वर्गात उत्तर येत असलं की देतात त्या उत्साहाने ती म्हणाली, "आजोबा! चार महिने. आई रोज ओरडते त्यांना!"

आणि इतका वेळ कोंडलेला खोकला त्याच क्षणी सुटला. आजोबा भिंत धरून खोकत राहिले. बाई उठल्या, खिडकी उघडली, एक कागदी मुखपट्टी त्यांच्या हातात दिली आणि खोकला थांबेपर्यंत थांबल्या. नंतर त्यांनी टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर भिंगरीचा डोळा होता, ताटाएवढा मोठा. काळं बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतात, बरोबर त्या काठावर एक दाणा उठला होता. राईहून लहान असेल, गुलाबीसर, टोकाला पिवळट. आणि पांढऱ्या भागातल्या साऱ्या लाल शिरा, सगळीकडचे दोरे एका गाठीला येऊन मिळावेत तशा, त्या दाण्याकडे धावत गेल्या होत्या.

"हा फोड म्हणजे जंतू नव्हे," बाई म्हणाल्या. "हा कापून बघितला तरी यात जंतू सापडायचा नाही. डोळा बिचारा निर्दोष आहे. पण हिच्या अंगात दुसरीकडे कुठेतरी, बहुधा छातीत, क्षयाचा जंतू शिरला असावा. थोडासाच. हिच्या रक्ताने त्याला ओळखलंय, आणि ते इतकं चिडलंय, की त्या जंतूचा एखादा कण, नुसता चुरा, डोळ्यापर्यंत आला तरी ते तिथे धावून जातं. त्या धावपळीची ही जागा. दुसऱ्या कारणांनीही असा दाणा येतो, पापण्या खराब असल्या की येतो. हिच्या पापण्या स्वच्छ आहेत. म्हणून विचारलं."

"पण खोकल्याचं कसं..."

"एवढ्या लहान मुलांना हा रोग बहुतेक वेळा मोठ्या माणसाकडून येतो. जवळच्या. रोज शेजारी बसणाऱ्या."

आजोबा खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या छातीला हात लावला नाहीत. मी खोकलो तेही तुम्ही विचारल्यावर."

"हो ना."

"मग मी कुठे दिसलो तुम्हाला?"

"हिच्या डोळ्यात," बाई साधेपणाने म्हणाल्या आणि चिठ्ठ्या लिहायला लागल्या. "अजून सिद्ध काही झालेलं नाही. मी डोळ्यांची डॉक्टर. छातीचं छातीवाले सांगतील. पण आज घरी जायच्या आधी दोघांनी तिकडे जाऊन या."

तिकडे, मोठ्या इस्पितळात, भिंगरीच्या हातावर, कातडीखाली क्षय तपासायची एक बारीक सुई टोचली आणि तीन दिवसांनी यायला सांगितलं. दोघांच्या छातीचे फोटो काढले. आजोबांना झाकणाची डबी दिली आणि अंगणातल्या कोपऱ्यात जाऊन खोलवरून खोकून थुंकायला सांगितलं. आयुष्यभर जो खोकला लपवायचा असतो असं शिकले, तो आता कुणीतरी मागून घेत होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा आजोबा घराच्या पायरीवर बसले होते. आत गेले नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. लेकीने हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी तोंडाची वाफ दवडतेय, बाबा."

"हो."

"कागदाची धूळ म्हणे! तुम्हाला काय वाटलं, मला तुमच्या खोकल्याचा आवाज आवडत नाही म्हणून सांगत होते?"

आजोबा मान खाली घालून बसले. खरं कारण त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुझी आई त्या मोठ्या इस्पितळात गेली ती परत आली नाही," ते म्हणाले. "मला त्या पायऱ्या चढायची भीती वाटते. नातीचं म्हणून चढलो. स्वतःसाठी चढलो नसतो."

लेक दार उघडून आत गेली आणि पेल्यात पाणी घेऊन बाहेर आली. ते पायरीवर, दोन हात लांब, ठेवलं. मग स्वतः खालच्या पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. आजोबांचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग मांडीवर परत आला.

तीन दिवसांनी भिंगरीच्या हातावर रुपयाएवढी टणक लाल गादी उठली होती. तिच्या फोटोत फुफ्फुसाच्या मुळाशी एक गाठ सुजलेली दिसली. आजोबांच्या फोटोत उजवीकडे वर, हासळीच्या हाडाखाली, ढग होता. लेकीलाही तपासलं, तिचं सगळं स्वच्छ निघालं. आणि आजोबांच्या डबीत जंतू सापडले.

कागद हातात देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला आजोबांनी विचारलं, "मला बघायला मिळतील?"

"काय?"

"ते. जंतू."

तो माणूस उंच, वाकलेला, कानावर पेन खोचलेला. तो हसला. "पंचवीस वर्षं इथे आहे मी. लोक कागद घेतात आणि पळतात. तुम्हीच पहिले. या, मुखपट्टी नीट लावा."

आजोबा सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी नुसत्या स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग त्या माणसाने बाजूची कळ किंचित फिरवली आणि एकदम एक निळं आभाळ उघडलं. फिकट, ठिपक्याठिपक्यांचं निळं. आणि त्यात इथे तिथे बारीक लाल काड्या. काही एकेकट्या, काही दोन-दोन चिकटलेल्या, काही जराशा वाकलेल्या. शिवण संपल्यावर टेबलावर लाल दोऱ्याचे कापलेले शेंडे पडावेत, तेवढ्याच निरुपद्रवी.

"हेच?" आजोबांनी विचारलं.

"हेच. निळा रंग आपण दिलाय, लालही आपणच दिलाय. एरवी त्यांना रंग नसतो."

"आता जिवंत आहेत?"

"नाही. तापवून, रंगवून मेले. तुमच्यातले जिवंत आहेत."

आजोबांनी भिंगावरून डोळा हटवला नाही. किळस येईल असं त्यांना वाटलं होतं. राग तर येईलच, कारण ह्या काड्यांनी त्यांच्या भिंगरीचा डोळा धरला होता. पण त्यांना दोन्ही आलं नाही. आलं ते भलतंच, श्वास रोखून धरावा असं काहीतरी. एवढीशी काडी. तिला हात नाहीत, तोंड नाही, वैर नाही. ती त्यांच्या छातीतून निघून एका पोरीच्या छातीत गेली, आणि तिथल्या रक्ताने तिला कधी पाहिलेलं नसताना ओळखलं, आणि थेट डोळ्याच्या काठावर येऊन निशाण लावलं. ते निशाण वाचणारी बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या खोलीत बसलेली. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली, त्यांतली किती वाचली देव जाणे, पण इतकं बारीक अक्षर त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

"हे आले कुठून माझ्यात?" त्यांनी शेवटी विचारलं.

त्या माणसाने खांदे उडवले. "कोण सांगणार? काल आले असतील किंवा लहानपणीच. हे झोपून राहतात, आजोबा. वर्षानुवर्षं. माणूस म्हातारा झाला, थकला, की उठतात."

औषधं सुरू झाली. सहा महिन्यांची, दोघांनाही. भिंगरीच्या डोळ्यात दाह उतरवणारे थेंब वेगळे. तिच्यापासून कुणाला धोका नाही, पण आजोबांनी पहिले पंधरा दिवस घरच्यांपासून लांब राहावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असं छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. आजोबा गादी घेऊन दुकानात राहायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीपुढचे कागदाचे गठ्ठे हलवले. त्यामागे काच होती हे ते जवळजवळ विसरले होते. पुसायला गेले तर फडकं चार वेळा धुवावं लागलं. काम बंद होतं, छापखानेवाला मालक खाली उभा राहून ओरडून म्हणाला, "फर्मे कुठे पळून जात नाहीत, तुम्ही आधी माणसात या."

चौथ्या दिवशी समोरच्या फुटपाथवर आईसोबत भिंगरी उभी. डोळ्यांवर आईचा काळा चष्मा, तो गालांवर घसरलेला.

"आजोबा! मी हेर दिसते की नाही?"

"आंधळी कोशिंबीर दिसतेस," आजोबा खिडकीतून म्हणाले.

"डोळा उघडतो आता. चष्मा नुसता ऐटीसाठी. मी वर येऊ?"

"नाही."

"दारापर्यंत?"

"नाही म्हटलं ना. तिथूनच बोल."

ती बोलली. शाळेतलं सगळं सांगितलं, कुणी कुणाची वही पळवली, बाईंनी कुणाला उभं केलं. मधूनच खालचा ओठ बाहेर आला आणि काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं. ते दुखण्याचं नव्हतं. "मी तुमच्या अंगाला हात लावणार नाही," ती म्हणाली. "नुसती पुठ्ठ्यांजवळ बसेन."

आजोबांनी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. खाली जायला अठरा पायऱ्या होत्या. एकही उतरले नाहीत. "अजून अकरा दिवस," ते म्हणाले. "बोटांवर मोज. उरलेलं एक बोट पायाचं घे."

ती पाण्यातूनच हसली आणि आईचा हात धरून गेली. तेव्हाच कुठे आजोबा खाली बसले.

तीन आठवड्यांनी ते दोघं पुन्हा डोळ्यांच्या बाईंकडे गेले. आजोबांचा खोकला अर्ध्यावर आला होता, तरी मुखपट्टी त्यांनी नाकापर्यंत चढवली होती. बाईंनी भिंगरीला यंत्राशी बसवलं आणि लगेच पडदा वळवला. दाणा नव्हता. शिरा परत आपापल्या घरी गेल्यासारख्या फिकट झाल्या होत्या. काठावर पुसटशी राखाडी खूण होती, तीही शोधली तरच दिसेल अशी.

"नजरेच्या रस्त्यात नाही," बाई म्हणाल्या. "सुदैवी आहे पोर. हे आणखी आत सरकलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

आजोबा पडद्याकडे बघत होते. सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मला लहानपणी असंच व्हायचं की काय कोण जाणे. उजेड सोसायचा नाही. एका अंधाऱ्या खोलीत ठेवल्याचं आठवतं मला. बाकी काही आठवत नाही."

बाई लिहीत होत्या. पेन थांबलं. "किती वर्षांचे होतात?"

"सहा. सात."

"भिंगरी, ऊठ. आजोबांना बसू दे."

हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्ट्याला. उजेडाची चीर डोळ्यावर आली आणि आजोबांना आत सगळं सोनेरी दिसलं. डावा डोळा झाला. उजव्या डोळ्याशी बाईंचा हात थबकला. त्यांनी चीर बारीक केली, तिरकी केली, पुन्हा रुंद केली.

"बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

पडद्यावर आजोबांचा डोळा होता. म्हातारा, पिवळसर, सुरकुतल्या पापण्यांचा. आणि बुबुळाच्या खालच्या काठाला एक लहानसा राखाडी त्रिकोण. पाया काठावर, टोक आतल्या बाजूला. धुक्यासारखा, पण कडा स्पष्ट.

"हा व्रण आहे. हिला आला तसाच दाणा तुम्हालाही आला होता, आणि तो आत सरकत गेला. अशी खूण सहसा तोच ठेवून जातो. पन्नास-पंचावन्न वर्षं जुनी असावी. तुम्हाला कुणी सांगितलं नाही कधी?"

"मी कधी दाखवलंच नाही. चष्मा जत्रेत घेतात तसा घेतला, दुकानातून."

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. फक्त या वेळी हळू. "तेव्हा घरात खोकतं कोण होतं?"

उत्तर आजोबांना माहीत होतं. ते इतके दिवस माहीत होतं की त्याला प्रश्न आहे हेच विसरायला झालं होतं.

"आई," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा असताना तिला चांगल्या हवेच्या ठिकाणी नेलं. तिकडून आली नाही."

भिंगरीने आजोबांच्या बाहीला धरलं आणि पडद्यावरच्या त्या धुकट त्रिकोणाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"म्हणजे जे आता माझ्या छातीत उठलं," आजोबा म्हणाले, "ते तिच्याकडचं?"

"ठाम सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "मध्ये दुसरीकडूनही येऊ शकतं. पण असू शकतं. पंचावन्न वर्षं झोपून राहू शकतं. तुम्ही मोठे झालात, लग्न केलंत, मुलगी झाली, आणि ते आत तसंच." त्यांनी गळ्यातला चष्मा पुसला. "रोज चाळीस डोळे बघते मी. तरी असं काही दिसलं की हात थांबतो." मग त्यांनी आजोबांचा चेहरा पाहिला आणि सूर बदलला. "हे बघा, तो रोग आहे. आठवण नव्हे. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"नाही चुकवणार," आजोबा म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात राहायची, सत्तर ओलांडलेली, कानाने कमी पण जिभेने शाबूत.

"ताई, माझे डोळे लहानपणी खराब होते का गं?"

"आता आठवलं होय तुला? दोन महिने तुला मागच्या खोलीत कोंडला होता. खिडकीला गोधडी लावली होती. तू नुसता किंचाळायचास."

"आणि आई?"

"आईला डॉक्टरांनी तुझ्याजवळ जायला मनाई केली होती. आम्हा कुणाजवळच नाही. ती दाराबाहेर बसायची, दाराला पाठ लावून. तिथून तुला सांगत राहायची, आज आभाळ कसलं आहे, रस्त्यावरून कोण गेलं, शेजारच्यांचं मांजर कुठे चढलं. तू आतून विचारायचास, ती बाहेरून सांगायची. आणि मध्ये मध्ये खोकायची."

"मग मला कसं..."

"अरे, तू रडलास की जायची ना आत. किती सांगितलं तरी. बाबा ओरडायचे, मी ओरडायचे. आत जायची, तुला मांडीवर घ्यायची आणि डोळ्यांवर पदर धरायची. तिला कुठे काय कळत होतं, बाळ्या. आम्हालाही कुठे कळत होतं."

आजोबा फोन कानाला धरून उभे राहिले. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. घरात तिचा एक फोटोही नव्हता. पण अंधार आठवला. गोधडीच्या काठाने येणारी उजेडाची एक रेघ, गालावर ओला पदर, आणि त्या पदराआडून कुणीतरी सांगतंय की मांजर आता भिंतीवर आहे, आता खाली उतरतंय. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, ते मांजर आपण डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ऐकतोयस का?" बहीण ओरडली.

"ऐकतोय. ताई, तूही छातीचा फोटो काढून घे."

"मला काय धाड भरलीय?"

"काढून घे म्हणतोय ना!"

तिने काढला. तिच्याही फुफ्फुसाच्या टोकाला एक जुना, दगड झालेला ठिपका निघाला. कधीचाच गप्प झालेला. औषधाची गरज नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे कळवायला तिने फोन केला तेव्हा तिच्या आवाजात विजय होता. "बघितलंस? माझ्यापुढे त्याचंही काही चाललं नाही."

गोळ्यांचे दिवस सोपे नव्हते. पहिला महिना आजोबांना मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची, सांधे धरायचे. रोज सकाळी लेक कामावर जायच्या आधी समोर उभी राहून दोघांना गोळ्या गिळायला लावायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायला सांगायची. भिंगरी जीभ काढून वेडावायची, आजोबा नुसते काढायचे. कधी कधी गोळी घशाखाली उतरताना ते क्षणभर थांबायचे. जे आत झोपून राहिलं होतं, ते आता रोज थोडंथोडं मरत होतं. त्यांना त्याचं दुःख नव्हतं. फक्त एवढं मोठं काहीतरी एवढ्याशा गोळीने, कुणाला कळू न देता, आपल्या आत संपतंय, याची जाणीव व्हायची, आणि त्या वेळी ते मोठ्याने बोलत नसत.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी डबीत जंतू सापडले नाहीत. सहाव्या महिन्यात फोटोतला ढग आटून त्या जागी चार रेघा उरल्या. आजोबांचं वजन वाढलं, कोटाचं बटण लागेना. दुकान सुरू झालं. छापखान्याच्या मालकाने खरंच एकही फर्मा दुसरीकडे पाठवला नव्हता. सगळे दाराशी छातीएवढे रचून ठेवले होते. आजोबांनी ते खिडकी सोडून सगळीकडे लावले.

शेवटच्या तपासणीला तिघंही गेले. लेकीने रजा मागितली आणि या वेळी ती मिळाली. बाईंनी भिंगरीला तक्त्यापासून लांब उभं केलं, उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला आणि काठी घेऊन वरून सुरुवात केली. मोठी अक्षरं, त्याहून लहान, आणखी लहान. आजोबा बाकावर लेकीशेजारी बसले होते. सहाव्या ओळीनंतर त्यांना काही दिसत नव्हतं. सातवी ओळ भिंगरीने धडाधड वाचली. आठवी वाचली. बाईंची काठी सगळ्यांत खालच्या ओळीवर आली. आजोबांना तिथे कागदच दिसत होता, कोरा.

"वाच."

भिंगरी थांबली. एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली. मग एकेक अक्षर, सावकाश, न चुकता, ती त्या कोऱ्या जागेतून उचलून सांगू लागली, आणि आजोबा मान पुढे काढून ऐकत राहिले.